ऑपरेशनची तारीख पुढे का गेली? रक्तातील दाहाच्या खुणा आणि हृदयाची शस्त्रक्रिया

हृदयाचे ऑपरेशन ही आता मुंबई-मद्रासच्या मोठ्या इस्पितळांपुरती गोष्ट राहिलेली नाही. बेळगावात आणि गोव्यात अशी ऑपरेशने नित्य होतात, आणि आपल्या शेतकरी कुटुंबांतूनही कोणाचे बायपास तर कोणाची झडप बदलल्याचे आपण ऐकतो. परंतु शेतकऱ्याच्या घरी ऑपरेशन ठरले म्हणजे ती एकट्या रोग्याची बाब नसते. पैशाची जुळवाजुळव करावी लागते. उसाला तोड कधी येते ते पाहावे लागते. गोठ्यातल्या जनावरांचे वैरणपाणी कोणावर तरी सोपवावे लागते. एवढे सगळे जमवून मंडळी इस्पितळात दाखल होतात, रक्त तपासायला जाते, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टर सांगतात, "सी.आर.पी. वाढलेला आहे. दहा-बारा दिवस थांबू."

अशा वेळी घरच्यांचा संताप होतो, आणि तो समजण्यासारखा आहे. "रोग हृदयाचा, मग रक्तातला एक आकडा बघून ऑपरेशन का अडवता?" असा प्रश्न पुष्कळजण आम्हांला विचारतात. काहीजण पुढच्या खेपेला अंगातला ताप किंवा पायाची जखम डॉक्टरांपासून लपवून ठेवतात, म्हणजे तारीख चुकू नये. काहीजण घरात उरलेल्या कॅप्सूल घेऊन तो आकडा खाली आणायचा प्रयत्न करतात. या दोन्ही गोष्टी जिवावर बेतू शकतात. म्हणून हा आकडा काय आहे, तो काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे या पानावर आम्ही सविस्तर मांडीत आहोत.

दाह म्हणजे काय?

बांधावर चालताना पायात बाभळीचा काटा मोडला, तर दुसऱ्या दिवशी ती जागा लाल होते, सुजते, गरम लागते आणि ठणकते. यालाच वैद्यकात दाह म्हणतात. दाह हा स्वतः रोग नव्हे. शरीराने शत्रूविरुद्ध सुरू केलेली ती लढाई आहे. रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्या जागी धावून जातात. त्या आपल्या रसायनांच्या द्वारे यकृताला निरोप धाडतात, आणि यकृत काही विशेष प्रथिने तयार करून रक्तात सोडते.

पायातला काटा डोळ्यांना दिसतो. पण दाताच्या मुळाशी साठलेला पू, लघवीच्या मार्गातला जंतुसंसर्ग किंवा फुप्फुसातला जुना क्षय बाहेरून दिसत नाही. आत धुमसणारी ही आग ओळखण्यासाठी रक्तातल्या त्या प्रथिनांचा आणि पेशींचा अंदाज घ्यावा लागतो. त्यांनाच आपण दाहाच्या खुणा म्हणू.

तीन नेहमीच्या तपासण्या

पहिली तपासणी सी.आर.पी. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस या दोन संशोधकांना न्यूमोनियाच्या रोग्यांच्या रक्तात एक वेगळे प्रथिन आढळले. न्यूमोनियाच्या जंतूच्या आवरणातील 'सी' नावाच्या घटकाशी ते जुळून येई, म्हणून त्याचे नाव सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन पडले. जंतुसंसर्ग किंवा इजा झाल्यावर सहा-आठ तासांत ते रक्तात वाढू लागते आणि साधारण दोन दिवसांत शिखराला पोचते. निरोगी माणसात ते बहुधा लिटरमागे ५ मिलिग्रॅमच्या आत असते. काही प्रयोगशाळा १० ही मर्यादा धरतात. जंतूंचा जोरदार संसर्ग असेल तर ते १०० च्याही पुढे जाते. मूळ कारण थांबले की त्याचे रक्तातले प्रमाण सुमारे १९ तासांत निम्म्यावर येते. म्हणून एका आकड्यापेक्षा दोन-तीन दिवसांच्या अंतराने घेतलेले दोन आकडे अधिक बोलके असतात. विहिरीचे पाणी चढते आहे की उतरते आहे, हे एकदाच डोकावून कळत नाही.

येथे एक सावधगिरी सांगतो. काही रिपोर्टांवर हा आकडा लिटरमागे दिलेला असतो, तर काहींवर डेसिलिटरमागे, म्हणजे लिटरच्या दहाव्या भागामागे. डेसिलिटरचा १ म्हणजे लिटरचे १०. दोन प्रयोगशाळांचे रिपोर्ट शेजारी ठेवून "एकदम दहापट वाढला" म्हणून घाबरण्यापूर्वी आकड्यापुढचे एकक वाचावे.

दुसरी तपासणी ई.एस.आर. ही जुनी आणि स्वस्त. नदीचे गढूळ पाणी तांब्यात ठेवले की गाळ हळूहळू तळाशी बसतो. तसे उभ्या नळीत रक्त ठेवले तर तांबड्या पेशी खाली बसतात. एका तासात त्या किती मिलिमीटर खाली आल्या, हा ई.एस.आर. दाह असताना रक्तात फायब्रिनोजेन नावाचे प्रथिन वाढते. त्यामुळे तांबड्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात, जड होतात आणि लवकर खाली बसतात. स्वीडनमधील फाहरेउस आणि वेस्टरग्रेन यांनी १९१८ ते १९२१ या काळात ही तपासणी रूढ केली. तिचा दोष असा की रक्त कमी असले, वय वाढले किंवा बाई गरोदर असली तरीही आकडा वाढतो. शिवाय तो वाढतो सावकाश आणि उतरतोही सावकाश.

तिसरी तपासणी पांढऱ्या पेशींची. घनमिलिमीटरमागे त्या साधारण ४,००० ते ११,००० असतात. त्यांत न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या दोन मुख्य जाती. न्यूट्रोफिल हे जंतूंवर पहिले तुटून पडणारे शिपाई. शरीरावर मोठा ताण आला की न्यूट्रोफिल वाढतात आणि लिम्फोसाइट घटतात. म्हणून अलीकडे डॉक्टर या दोघांचे परस्पर प्रमाणही पाहतात. त्यासाठी वेगळा खर्च लागत नाही, कारण नेहमीच्या रक्ततपासणीतच दोन्ही आकडे असतात.

ऑपरेशनशी याचा संबंध काय?

हृदय उघडून काम करायचे तर ते काही वेळ थांबवावे लागते. त्या वेळी रक्त फिरवण्याचे आणि त्यात प्राणवायू मिसळण्याचे काम एक यंत्र करते. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे डॉ. जॉन गिबन यांनी ६ मे १९५३ रोजी अशा यंत्राच्या साहाय्याने एका १८ वर्षांच्या मुलीच्या हृदयातले छिद्र यशस्वीपणे बुजवले. तेव्हापासून या यंत्राने लक्षावधी माणसांना जीवदान दिले आहे. परंतु रक्त हे शिरांच्या मऊ अस्तरातून वाहण्यासाठी घडलेले आहे. ते प्लास्टिकच्या नळ्यांतून फिरू लागले की शरीराला वाटते परका शत्रू आत आला, आणि सगळीकडे एकदम लढाई सुरू होते. छातीचे हाड कापणे, हृदयाचा रक्तपुरवठा काही काळ बंद ठेवून पुन्हा सुरू करणे, यांचीही त्यात भर पडते. म्हणजे हृदयाच्या ऑपरेशननंतर थोडाफार दाह प्रत्येक रोग्याला होतोच. त्यातून बहुतेकजण काही दिवसांत सावरतात.

आता विचार करा. ज्याच्या शरीरात आधीच कोठेतरी आग धुमसत आहे, त्याच्यावर ही दुसरी आग येऊन पडली तर काय होईल? ऑपरेशनपूर्वी ज्यांच्या दाहाच्या खुणा वाढलेल्या होत्या, त्यांना नंतर जंतुसंसर्ग आणि इतर गुंतागुंत अधिक प्रमाणात झाल्याचे, आणि त्यांचे इस्पितळातले दिवसही वाढल्याचे अनेक ठिकाणच्या अभ्यासांत आढळले आहे. ही गुंतागुंत मुख्यतः चार प्रकारची असते.

एक, हृदयाची गती अनियमित होणे. बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हा त्रास सुरू होतो. हृदयाच्या ऑपरेशननंतर दर शंभरांत साधारण २० ते ४० रोग्यांना तो होतो. बहुतेकांचा औषधाने आटोक्यात येतो, पण त्यामुळे रक्ताची गाठ मेंदूत जाऊन पक्षाघाताची भीती वाढते. दोन, मूत्रपिंडांचे काम मंदावणे. तीन, फुप्फुसे सुजल्यामुळे श्वासाच्या यंत्रावर अधिक दिवस राहावे लागणे. चार, छातीच्या जखमेत पू होणे. ही शेवटची गोष्ट फार थोड्यांना होते, पण जंतू छातीच्या हाडापर्यंत पोचले तर पुन्हा ऑपरेशन करून महिनाभर इस्पितळात काढावा लागतो. झडप बदलली असेल आणि दाताच्या मुळातले जंतू रक्तावाटे तिच्यावर जाऊन बसले, तर नवी झडपच निकामी होऊ शकते.

डॉक्टर दहा दिवस थांबतात ते यासाठी. पेरणीला उशीर होतो म्हणून कीड लागलेले बी कोणी जमिनीत टाकीत नाही.

पिवळे पान आणि त्याचे कारण

तथापि आकड्याला आकड्याइतकीच किंमत द्यावी. शेतात भाताचे पान पिवळे पडले की आपल्याला एवढेच कळते की काहीतरी बिघडले आहे. नत्र कमी पडले, पाणी साचले की मुळाला कीड लागली, हे पान सांगत नाही. ते आपण रोप उपटून शोधतो. सी.आर.पी. हेही असेच पिवळे पान आहे. हृदयविकाराचा झटका नुकताच येऊन गेला असेल तर तेवढ्यानेही तो वाढतो. लठ्ठपणा, विडी-सिगारेट, संधिवात यांनीही तो थोडा वाढलेला राहतो. म्हणून ७ किंवा ८ आकडा आला म्हणजे ऑपरेशन बिघडणारच, असे मुळीच नाही. आणि आकडा ठीक आहे म्हणून सगळे सुरळीत होईल, अशी खात्रीही नाही.

ऑपरेशनचा धोका मोजण्यासाठी युरोपात जी पद्धत वापरतात आणि जिची सुधारलेली आवृत्ती २०१२ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात सी.आर.पी. धरलेलाच नाही. तिच्यात वय, मूत्रपिंडांची स्थिती, हृदयाची ताकद, इन्सुलिन लागणारा मधुमेह, फुप्फुसाचा जुना विकार, झडपेवरचा चालू जंतुसंसर्ग, आधीचे हृदयाचे ऑपरेशन अशा गोष्टी आहेत. दाहाच्या खुणा या मोजमापाच्या जोडीला येतात. त्या डॉक्टरांना "जरा थांबा, आणखी शोधा" असे सांगतात.

मग सरळ औषध देऊन दाहच दाबून टाकला तर? हा विचार डॉक्टरांनीही केला आणि तो कसोटीला लावला. १८ देशांतील ७,५०७ रोग्यांवर केलेला एक मोठा प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यांतील निम्म्यांना हृदयाच्या ऑपरेशनच्या वेळी दाह दाबणारे स्टेरॉइड औषध दिले होते. त्यांचे मृत्यू किंवा मोठी गुंतागुंत काही कमी झाली नाही. २०१६ साली चीनमधील १,९२२ रोग्यांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात ऑपरेशनच्या सुमारास कोलेस्टेरॉल कमी करणारी रोसुव्हास्टॅटिनची गोळी दिली होती. सी.आर.पी. खरोखर खाली आला, परंतु हृदयाची अनियमित गती दोन्ही गटांत जवळजवळ सारखीच आढळली, आणि गोळी घेतलेल्यांत मूत्रपिंडांना इजा उलट अधिक झाली. पिवळ्या पानाला हिरवा रंग फासून पीक सुधारत नाही, हे आपल्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. (ज्यांना अशी गोळी डॉक्टरांनी आधीपासून चालू ठेवली आहे, त्यांनी मात्र ती आपल्या मनाने बंद करू नये.)

कारण शोधावे ते कोठे?

डॉक्टर इस्पितळात शोधतीलच. परंतु पुष्कळ कारणे आपल्या घरात आणि शेतात असतात, आणि तारीख ठरण्यापूर्वीच ती दूर करता येतात.

दात व हिरड्या. किडलेला दात, हलणारा दात, रक्त येणाऱ्या हिरड्या या नेहमी दुर्लक्षित राहतात, कारण दुखत नाही तोवर दात दाखवायला कोणी जात नाही. झडपेच्या ऑपरेशनपूर्वी तर दंतवैद्याकडे जाणे आवश्यकच आहे. दात काढायचा असेल तर जखम भरायला अवधी हवा, म्हणून हे काम आधी उरकावे.

पाय. चिखलात काम करणाऱ्यांच्या बोटांमधल्या चिखल्या, टाचांच्या भेगा आणि मधुमेहामुळे न जाणवणाऱ्या जखमा पाहाव्यात. बायपाससाठी बहुधा पायातली शीर काढून घेतात, म्हणून पायाची त्वचा निरोगी असणे दुहेरी महत्त्वाचे आहे. रोज रात्री पाय धुऊन, कोरडे करून, उजेडात नीट पाहावेत.

लघवी. जळजळ होणे, वारंवार जावे लागणे, म्हाताऱ्या पुरुषांना लघवी अडकणे हे सांगायला संकोच करू नये. विशेषतः आपल्या मायबहिणी हे बोलत नाहीत. त्यांनी निदान नर्सबाईंना तरी सांगावे.

खोकला. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटणे असे असेल तर क्षयाची तपासणी सरकारी दवाखान्यात विनामूल्य होते.

तंबाखू. निपाणीच्या बाजूला तंबाखू हे अनेकांचे पोट आहे, हे आम्ही जाणतो. पण पीक घेणे वेगळे आणि ते रक्तात घेणे वेगळे. विडीने फुप्फुसात कायमचा दाह राहतो, मिश्रीने हिरड्या खराब होतात. ऑपरेशनपूर्वी निदान चार आठवडे विडी पूर्ण बंद असावी. जितकी आधी सुटेल तितके बरे.

साखर. मधुमेह मोकाट असेल तर जखम भरत नाही आणि जंतूंना आयते रान मिळते. मागील तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी साखरेची तपासणी करून घ्यावी.

लहान वयातला सांधेताप. आपल्याकडे झडपा खराब होण्याचे हे मोठे कारण आहे. घसा सुजून पुढे सांधे धरतात आणि हृदयाला इजा होते. हा ताप अंगात चालू असताना सी.आर.पी. व ई.एस.आर. वाढलेले राहतात, आणि शक्य असेल तर तो शमेपर्यंत झडपेचे ऑपरेशन लांबवतात. ज्या मुलांना दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन सांगितले आहे, त्यांचे एकही इंजेक्शन सुगीच्या कामामुळे चुकू देऊ नका.

काय करू नये?

उरलेल्या प्रतिजैविकांच्या गोळ्या घेऊ नयेत. अर्धवट औषधाने ताप उतरतो, आकडाही उतरतो, पण चिवट जंतू मागे राहतात आणि ऑपरेशननंतर डोके वर काढतात. गावात अंगदुखीवर मिळणारी स्टेरॉइडची इंजेक्शने घेऊ नयेत. ती दाह झाकतात आणि साखर चढवतात. अंगदुखीच्या गोळ्या मूत्रपिंडांना इजा करतात. काढा, चूर्ण, भस्म जे काही चालू असेल ते डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. रागावतील म्हणून लपवू नये.

आणखी एक सांगणे आवश्यक आहे. दाह कमी करणारे कोल्चिसिन नावाचे औषध हृदयविकारात अल्प प्रमाणात वापरले जाते, आणि ते आपल्या कुंपणावर उगवणाऱ्या कळलावीच्या कंदात व बियांत असते, हे कोणाच्या कानावर येईल. म्हणून कळलावी उगाळून घेण्याचा विचारही करू नका. ती जहाल विषारी आहे आणि तिने माणसे दगावलेली आहेत. मिलिग्रॅमच्या अंशाने मोजून द्यायचे औषध कंद उगाळून देता येत नाही.

थांबणे नेहमीच शक्य असते का?

नाही. हृदयाची मुख्य धमनी बंद पडत आली असेल, किंवा जंतूंनी झडपच पोखरली असेल, तर आकडा कितीही वाढलेला असो, डॉक्टर ऑपरेशन करतात. कारण तेथे थांबण्याचा धोका अधिक असतो. म्हणून "शेजारच्याचा आकडा जास्त असून त्याचे केले, आमचे का नाही?" अशी तुलना करू नये. त्यापेक्षा डॉक्टरांना नम्रपणे तीन प्रश्न विचारावेत. आकडा कशामुळे वाढला असे वाटते? थांबण्यात धोका अधिक की न थांबण्यात? थांबलो तर कोणत्या लक्षणांवर ताबडतोब परत यावे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर लिहून घ्यावे. थांबण्याच्या दिवसांत छातीत दुखू लागले, दम लागला किंवा भोवळ आली, तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नये.

घरी आल्यावर

ऑपरेशननंतर सी.आर.पी. सर्वांचाच वाढतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो शिखरावर असतो आणि मग उतरत जातो. उतरलेला आकडा पुन्हा चढू लागला, तर डॉक्टर जखम, फुप्फुस आणि लघवी तपासतात. घरी आल्यावर जखम लाल होणे, त्यातून पाणी किंवा पू येणे, छातीचे हाड कटकट वाजणे, १०० अंशांवर ताप जाणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी इस्पितळ गाठावे. जखमेवर हळद, राख किंवा शेण लावू नये.

छातीचे हाड सांधायला सहा ते बारा आठवडे लागतात. तोवर पाण्याची घागर, वैरणीचा भारा उचलणे, धार काढणे, ट्रॅक्टर किंवा मोटारसायकल चालवणे बंद. शेतकऱ्याला स्वस्थ बसवत नाही, हे खरे. पण तीन महिन्यांचे काम शेजारी आणि भावबंद मिळून ओढू शकतात. यासाठी कोणी आपणहून हात पुढे केला तर रोग्याने मानापमान न मानता तो धरावा, आणि ज्यांच्या शेजारी असा रोगी असेल त्यांनी बोलावण्याची वाट पाहू नये. ज्या घरची तारीख पुढे गेली आहे, त्या घरी तर याची गरज अधिकच आहे. जमवलेले सगळे पुन्हा एकदा जमवायचे असते. त्या दहा दिवसांत त्यांच्या गोठ्यात वैरण पडली, तर ताप लपवून ऑपरेशनला जाण्याचा मोह कोणाला होणार नाही.